मत्स्यकुंड आणि अळूचा वाफा

गेल्या दोनतीन महिन्यांत या सदराकडे एकाच विषयावरचीं बरींच पत्रें येऊन पडलीं आहेत. माशांच्या पाण्यावर भाजी वाढते म्हणतात तें खरें काय, आणि खरें असल्यास तें घरीं करण्याजोगें आहे काय, असा बहुतेकांचा प्रश्न आहे. एका भगिनीनें मात्र निराळेंच विचारलें आहे. त्या लिहितात, “आमच्या घरीं मासा शिजत नाहीं. मग माशांच्या मळावर वाढलेला पालक देवाच्या नैवेद्यास चालावा काय?” सर्व पत्रांत आम्हांला हेंच पत्र अधिक विचार करावयास लावणारें वाटलें. परंतु त्याचें उत्तर देण्यापूर्वीं आमचा स्वतःचा अनुभव सांगणें भाग आहे, आणि तो फारसा भूषणावह नाहीं.

या पद्धतीला ॲक्वापोनिक्स असें नांव पडलें आहे. मराठींत कोणी तिला जलशेती म्हणतात, पण त्या शब्दांत माशांचा पत्ताच नाहीं. म्हणून या लेखापुरतें आम्ही तिला मत्स्यशाक-पद्धति म्हणूं, आणि याहून बरा शब्द कोणी सुचविल्यास आनंदानें स्वीकारूं. मांडणी अगदीं साधी आहे. एका कुंडांत मासे, कुंडाशेजारीं अथवा त्याच्यावर खडीनें भरलेला वाफा, आणि दोहोंमध्यें पाणी फिरविणारा एक लहानसा विजेचा पंप. पाणी वाफ्यांत चढतें, खडींतून झिरपतें व पुन्हां कुंडांत उतरतें. माती नाहीं, शेणखत नाहीं, आणि पाणी तेंच तें पुन्हां पुन्हां वापरलें जात असल्यामुळें रोज शेंकडा एक ते तीन भाग एवढेंच काय तें उडून वा झाडांच्या पानांवाटे खर्ची पडतें. २०० लिटरांच्या कुंडांत रोज दोन ते सहा लिटरांची भर घातली म्हणजे काम भागतें. दुष्काळी तालुक्यांतील आमच्या वाचकांस ही गोष्ट कोणत्याहि जाहिरातीपेक्षां अधिक पटेल.

हें सारें चालतें तें मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या गड्यांच्या जिवावर. मासा जें अन्न खातो त्यांतील प्रथिनांचा नायट्रोजन तो अमोनियाच्या रूपानें बाहेर टाकतो, आणि तोहि मुख्यतः कल्ल्यांवाटे. हा अमोनिया माशाला विष आहे. बंद पाण्यांत तो सांचत गेला तर मासा आपल्याच उत्सर्गानें मरतो. पण खडीच्या पृष्ठभागावर वस्ती करणारे जंतूंचे दोन वर्ग आहेत. पहिला अमोनियाचें नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचें नायट्रेट करतो. नायट्राइटहि विषारीच, माशाच्या रक्तांत शिरून तें रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति हिरावून घेतें. नायट्रेट मात्र माशाला बऱ्याच प्रमाणांत सोसतें आणि वनस्पतींना तर तें पक्वान्न. हें काम निर्जीव रसायनांचें नसून जिवंत जंतूंचें आहे असें १८७७ सालीं श्लोसिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें, आणि १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन संशोधकानें ते जंतु वेगळे काढून दाखविले. या जंतूंची वस्ती जमण्यास वेळ लागतो. हें एक वाक्य आम्हीं वेळेवर वाचलें असतें तर पुढची हकीकत लिहावी लागली नसती.

कल्पना नवी नाहीं. चीनमधील चिंगत्येन येथें भाताच्या खाचरांत मासे सोडण्याची परंपरा शतकानुशतकें चालत आली आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २००५ सालीं तिची जागतिक कृषिवारसा म्हणून नोंद घेतली. इतकें दूर तरी कशाला जावें? आमच्या गोमंतकांतील खाजन जमिनी पाहाव्या. बांध घालून खाडीचें पाणी अडवावें, मानशीच्या दारांतून भरतीओहोटीचें नियमन करावें, पावसाळ्यांत खारें सोसणारा कोरगूट भात घ्यावा आणि पोंयींत मासे व कोळंबी धरावी, हा व्यवहार तेथील गांवकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या चालविला. मेक्सिकोंतील तरंगत्या शेतांचाहि दाखला या विषयावरील लेखांत हटकून दिला जातो. आम्हांला तो ओढूनताणून आणलेला वाटतो. आजच्या स्वरूपांत या पद्धतीला शास्त्राचा पाया घालण्याचें बरेंचसें श्रेय जेम्स रॅकोसी यांना आहे. कॅरिबियन समुद्रांतील सेंट क्रॉइ बेटावरील विद्यापीठांत त्यांनीं १९८० च्या सुमारापासून अनेक वर्षें चिलापी मासे आणि त्यांच्या पाण्यावर भेंडी, आपल्या सब्ज्याच्या कुळांतील बेझिल इत्यादि पिकें घेऊन किती दाण्याला किती भाजी याचें गणित बसविलें. त्या बेटावर गोड्या पाण्याचें दुर्भिक्ष होतें. गरजेपोटीं शास्त्र जन्मतें तें असें.

आतां आमची हकीकत. चैत्रांत आम्हीं हा उद्योग आरंभिला. परसांत २०० लिटरांचें एक पिंप ठेविलें, त्याच्या कडेला भक्कम घडवंचीवर फूटभर खोलीचा वाफा केला, एका दुकानदाराकडून खडी आणिली. ‘मासे आजच सोडा, पाणी आपोआप जमतें’ असा सल्लाहि त्यानें फुकट दिला. दुसऱ्या दिवशीं आम्हीं गोल्डफिश जातीचे बारा सोनेरी मासे सोडले. वजनानें एकेक वीस ग्रॅमांचा असेल नसेल. मुलांच्या आनंदास पारावार राहिला नाहीं. शाळेंतून येणारा प्रत्येक जण चिमूटभर दाणे टाकी, आणि मासे ते खात म्हणून आम्हीहि कोणास अडविलें नाहीं. सातव्या दिवशीं सकाळीं मासे पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन तोंडें वासूं लागले. आम्हांला वाटलें, यांना भूक लागली आहे. आम्हीं आणखी दाणे टाकिले. आठव्या दिवशीं दिवेलागणीपर्यंत बारांपैकीं नऊ मासे उलटे तरंगत होते.

आमच्या मातोश्री दिवसभर कांहीं बोलल्या नाहींत. रात्रीं पानें मांडतांना मात्र एवढेंच म्हणाल्या, “खाण्यासाठीं मारणारा निदान खातो तरी.” आमच्याजवळ या वाक्याला उत्तर नव्हतें, आजहि नाहीं.

उरलेले तीन मासे शेजारच्या घरीं असलेल्या जुन्या, मुरलेल्या काचपेटींत ठेवून आम्ही हिशेबाला बसलों. मुलांच्या चिमटींची बेरीज रोजची सुमारें १० ग्रॅम निघाली. दाण्यांत ३२ टक्के प्रथिनें धरलीं तर १० ग्रॅमांपासून जवळजवळ ०.३ ग्रॅम अमोनियारूपी नायट्रोजन पाण्यांत येतो. म्हणजे २०० लिटरांत लिटरमागें रोज दीड मिलिग्रॅम. जंतूंची वस्ती नसतां आठवड्याभरांत हा आंकडा दहाच्या घरांत जातो, आणि तो एकाच्या आंत असावा असा नियम आहे. एवढ्यावरहि गोष्ट संपत नाहीं. अमोनियाचा विषारी भाग किती, हें पाण्याच्या पीएचवर, म्हणजे आम्ल-अल्कतेच्या अंकावर, अवलंबून असतें. पाणी २५ अंश उष्ण असतां हा अंक ७ असेल तर हजारांत सुमारें सहा भागच विषारी रूपांत असतात. अंक ८ झाला कीं शंभरांत पांचांहून अधिक. म्हणजे एका अंकानें विष नऊपट होतें. आमचें पाणी ८ च्याहि किंचित् वर निघालें. कां, तें खडीनें सांगितलें. मूठभर खडी वाटींत घेऊन तीवर व्हिनेगर ओतलें तों बुडबुड्यांचा फेस आला. खडींत चुनखडीचे गोटे मिसळलेले होते.

म्हणजे मासे फार नव्हते. तज्ज्ञ लोक १००० लिटरांत १० ते २० किलो मासे वाढवितात. आमचे सारे मिळून पाव किलोहि नव्हते. फार होती ती घाई, आणि माया. दुकानदारास दोष देऊन आम्हांस मोकळें होतां आलें असतें, पण त्यानें दाणे टाकिले नव्हते.

दुसरा प्रयोग वैशाखांत केला. चुनखडीची खडी काढून टाकिली आणि काळ्या दगडाची, सुपारीएवढी खडी आणून ती पाणी नितळ निघेपर्यंत धुतली. व्हिनेगरनें ती उकळली नाहीं. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड या कामास उत्तम आहे, ही देशावरच्या वाचकांनीं आनंद मानावा अशी गोष्ट. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन माशांस व जंतूंस दोघांसहि मारक म्हणून पाणी दोन दिवस उघडें ठेविलें. मासे मात्र सोडले नाहींत. दुधास विरजण लावावें त्याप्रमाणें शेजारच्या काचपेटींतील मूठभर खडी आमच्या वाफ्यांत मिसळली, आणि रोज चिमूटभर दाणे रिकाम्या पाण्यांतच कुजूं दिले. औषधाचे थेंब घालून रंगावरून अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मापण्याची पेटी बाजारांत मिळते. मासे विकत घेण्यापूर्वीं ती घ्यावी. आमच्या वहींत पहिल्या आठवड्यांत अमोनिया चढला, तिसऱ्यांत तो उतरून नायट्राइट चढलें, आणि सहाव्याच्या आरंभीं दोन्हीं शून्यावर येऊन नायट्रेट दिसूं लागलें. उन्हाळ्याची ऊब होती म्हणून एवढ्यांत झालें. थंडींत याहून अधिक दिवस लागतात. मग ते तीन मासे घरीं आणिले, आणि पंधरा दिवसांनीं आणखी सहा.

आतां भाजीचें बोलूं, कारण जाहिरातींत सर्वांत मोठा फुगवटा येथेंच असतो. एक चौरस मीटर पालेभाजी पोसावयाची तर माशांना रोज ४० ते ५० ग्रॅम दाणा घातला पाहिजे. आमचे नऊ लहान मासे दिवसाकाठीं साडेतीन ग्रॅमांपेक्षां अधिक खात नाहींत; त्यांनीं एक चौरस फुटाहूनहि कमी जागा पोसली जाते. म्हणजे आपला जेवणाचा पाट! एकदोन वर्षांनीं हेच मासे दीडदीडशें ग्रॅमांचे झाले म्हणजे वीस ग्रॅम दाण्यावर साडेचार चौरस फुटांचा वाफा हिरवा राहील. त्यांत पुदिना, पालक, कोथिंबीर, दोनचार अळूचे कंद असें येतें, आणि छान येतें. टोमॅटो, मिरची, वांगें या फळभाज्यांस अधिक दाणा व विशेषतः पोटॅशियम लागतें. नवशिक्यानें त्यांच्या नादीं लागूं नये. पैशाचा हिशेब विचाराल तर १८ वॅटचा पंप अहोरात्र चालल्यास महिन्याला १३ युनिट वीज खातो, आणि तेवढ्या पैशांत मंडईंत पालकाच्या जुड्या बऱ्याच येतात. व्यापारी प्रमाणावर हा धंदा करणाऱ्या, अनेक देशांतील लोकांची पाहणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. तींतहि मागील वर्षभरांत नफ्यांत असलेले एक तृतीयांशाहून कमीच निघाले. तेव्हां पैसा वांचविण्यासाठीं कोणी याच्या वाटेस जाऊं नये.

गच्चीवर हा संसार मांडूं इच्छिणाऱ्यांस आम्हांला जरा कठोरपणें लिहावें लागत आहे. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीवर दर चौरस मीटरास सुमारें १५० किलो भार गृहीत धरावा असें भारतीय मानक सांगतें. फूटभर उंचीचें पाणी तेवढ्या जागेवर ३०० किलो भरतें, आणि फूटभर ओली खडी ५०० किलोंच्या वर. पुण्यामुंबईच्या जुन्या इमारतींतून राहणाऱ्या वाचकांनीं अभियंत्यास विचारल्यावांचून पिंपाचा विचारहि करूं नये. खालच्या मजल्यावरचा शेजारी हाहि एक जीवच आहे.

वीज गेली तर काय, हा प्रश्न पांच पत्रांत आहे, व तो रास्त आहे. २० अंशांचें पाणी लिटरमागें नऊ मिलिग्रॅमांवर प्राणवायु धरून ठेवतें, ३० अंशांचें साडेसातच. आणि उन्हाळ्यांत माशाला प्राणवायु लागतो मात्र अधिक. दाटीनें मासे असलेल्या कुंडांत पंप बंद पडल्यावर कांहीं तासांत अनर्थ होतो. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप घरांत असूं द्यावा, कुंड सावलींत ठेवावें आणि मासे थोडे ठेवावे. वाफ्यांतील पाणी खडीच्या वरच्या थराखालीं दोन बोटें राहील असें करावें, म्हणजे शेवाळ व डांस दोन्हीं टळतात. कुंडावर जाळी हवी. आमच्याकडे मांजराआधीं खंड्या पक्षी येऊन गेला. कडुलिंबाचें तेल वा साबणाचें पाणी पानांवर फवारूं नये, तें शेवटीं माशांच्याच कल्ल्यांत जातें. कुंडाचें पाणी पानांस लागूं देऊं नये, आणि कोशिंबिरींत कच्चा पाला घालण्यापूर्वीं तो स्वच्छ धुवावा.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. जंतूंच्या कामानें पाणी हळूहळू आंबट होत जातें. काळ्या दगडाच्या खडींत तें थोपविणारें कांहीं नसल्यामुळें श्रावणाच्या आरंभीं आमचा पीएच सहाच्या खालीं उतरला, आणि सहाच्या खालीं जंतु आळसावतात. त्यावर उपाय चुन्याचा! मातोश्रींच्या पानाच्या डब्यांतील चुना हरभऱ्याएवढा घेऊन, तांब्याभर पाण्यांत कालवून, निवळ तेवढी थोडी थोडी दोन दिवसांत घातली व दर वेळीं मापून पाहिलें. ज्या चुन्यानें चैत्रांत घात केला त्यानेंच श्रावणांत हात दिला. कोंवळीं पानें पिवळीं व शिरा हिरव्या दिसूं लागल्या तर तें लोहाच्या उणिवेचें लक्षण होय. त्यासाठीं शेतीच्या दुकानांत मिळणारें चिलेटेड लोह वापरावें. गंजका खिळा टाकून भागत नाहीं, आम्हीं तोहि टाकून पाहिला.

आतां सारस्वत वाचकांविषयीं. हा लेख वाचतांना ते गालांतल्या गालांत हसत असतील, आणि त्यांचा व्यवहार आमच्याहून सरळ आहे हें कबूल केलें पाहिजे. भाजी आणि मासा दोन्हीं त्यांच्या पानांत पडतात. पण त्यांच्यासाठीं एक सूचना आहे. या पद्धतींत जगभर वापरला जाणारा मासा चिलापी. तो मूळ आफ्रिकेंतला. १९५२ सालीं तो भारतांत आणला गेला, आणि आज उजनीच्या जलाशयांत त्याचें केवढें राज्य झालें आहे हें भिगवणच्या कोळ्यांस विचारावें. त्याच्या पालनास सरकारी नियम आहेत, ते पाळावे. आणि चिलापी असो, गप्पी असो कीं सोनेरी मासा असो, कंटाळा आला म्हणून दयाबुद्धीनें तो नदींत सोडूं नये. ती दया नदींतल्या मूळच्या माशांस भोंवते.

राहिला त्या भगिनींचा प्रश्न. मळाचें म्हणाल तर गाईच्या शेणावर वाढलेली भाजी आपण पिढ्यान्‌पिढ्या देवापुढें ठेवीत आलों. तेथें आम्हांला अडचण दिसत नाहीं. खरी अडचण त्यांनीं विचारलीच नाहीं, ती दाण्याची आहे. बाजारांत माशांचा म्हणून जो दाणा मिळतो त्यांत बहुधा समुद्रांतले बारीक मासे वाळवून केलेली भुकटी असते. म्हणजे शाकाहारी घरानें जिवंत मासे पाळावयाचे आणि त्यांना मेलेले मासे विकत आणून घालावयाचे! हें आम्हांला डब्यावरचें बारीक अक्षर वाचून कळलें, आणि मातोश्रींना सांगावें कीं नाहीं याचा आम्ही दोन दिवस विचार केला. सुदैवानें सोनेरी मासा रोहू-कटल्याच्या विस्तृत कुळांतला, सर्वभक्षी आहे, आणि रोहू-कटल्यांस आपल्याकडे भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड घालण्याची जुनी वहिवाट आहे. आम्ही आतां पेंड, कोंडा आणि सोयाबीनचें पीठ एकत्र मळून, वाफवून, वाळवून बारीक गोळ्या करतों. उकडलेला मटारहि देतों. वाढ मंद होते व पाणी किंचित् गढूळ राहतें. तें आम्हीं पत्करलें आहे. ज्यांना पत्करणार नाहीं त्यांनीं बाजारचा दाणा वापरावा, पण डब्यावरचें वाचून वापरावा.

मातोश्रींना शेवटीं सांगितलें. त्यांनीं गोळ्यांचें काम आपल्याकडे घेतलें, आणि मुलांच्या हातून दाण्याचा डबाहि काढून घेतला. आतां सकाळीं देवपूजा झाली कीं मोजून दोन चिमटी, त्याहून एक कण अधिक नाहीं. भाद्रपदांत वाफ्याच्या कोपऱ्यांतलें अळू हातभर झालें होतें. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचें खावयाचें नसतें, हें लक्षांत घेऊन आम्ही मोठ्या उत्साहानें म्हणालों, “येथें तर नांगरच नाहीं, ऋषीच्या भाजीस याहून शुद्ध अळू कोठें मिळणार?” मातोश्री थोडा वेळ कुंडाकडे पाहात उभ्या राहिल्या. “बैल राबला नाहीं हें खरें,” त्या म्हणाल्या, “पण हे नऊ जण राबले आहेत कीं!” त्या दिवशींचीं पानें मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या जुन्या अळूचीं आलीं. कुंडावरच्या अळूचें फतफतें दुसऱ्या दिवशीं झालें, आणि त्याचा नैवेद्य मात्र त्यांनीं स्वतःच्या हातानें दाखविला.